शुक्रियाची थकबाकी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. शनिवारची संध्याकाळ, स्वारगेटलाच एसटी खच्चून भरली. मला नशिबानं जागा मिळाली होती. कात्रजला एक म्हातारे गृहस्थ चढले. धोतर, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. मी उठलो आणि म्हटलं, “बसा काका.” ते बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि समोर पाहू लागले. ना थँक्यू, ना मान हलवणं, ना साधं हसू.

बोगदा येईपर्यंत मी वाट पाहिली. मग राहवलं नाही. जरा मोठ्यानंच म्हणालो, “वेलकम बरं का, काका!” आजूबाजूचे दोघंतिघं हसले. काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काही उमगलं नसावं. मला मात्र क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं आणि पुढच्याच क्षणी लाजही वाटली. पुढं काय झालं ते शेवटी सांगतो.

हा अनुभव तुम्हालाही असेल. लिफ्टचं दार धरून ठेवावं आणि आत येणाऱ्यानं मोबाइलमधून डोकंही वर काढू नये. अरुंद गल्लीत गाडी मागं घेऊन वाट द्यावी आणि समोरच्यानं हातही न हलवता निघून जावं. रांगेत घाई असलेल्या माणसाला पुढं सोडावं आणि त्यानं वळूनही पाहू नये. गोष्ट अगदी क्षुल्लक असते, पण ती दिवसभर सलत राहते. घरी येऊन आपण म्हणतो, “लोकांना मॅनर्सच राहिले नाहीत.”

राहिले नाहीत म्हणजे पूर्वी होते, असं आपण धरून चालतो. त्या प्रवासानंतर मी स्वतःलाच विचारलं, पूर्वी होते म्हणजे नक्की काय होतं? माझ्या दादीच्या तोंडी मी ‘शुक्रिया’ कधी ऐकलं होतं का? खूप आठवून पाहिलं. एकदाही नाही. कुणी विहिरीवरून तिची घागर उचलून आणली, कुणी दळण आणून दिलं, की ती म्हणायची, “अल्ला तेरा भला करो.” मराठीत बोलताना, “शंभर वर्षांचा हो बाबा.” शेजारच्या मावशीही तेच म्हणायच्या, फक्त अल्लाच्या जागी देव. आमच्या घरात ‘शुक्रिया’ आलं ते रेडिओ आणि सिनेमातून, ‘थँक्यू’ आलं शाळेतून आणि ‘जजाकल्लाह’ त्याच्याही नंतर, इज्तेमा आणि व्हॉट्सअॅपच्या जमान्यात.

मग हे शब्दच जरा उलगडून पाहू.

मराठीत ‘आभार’ म्हणताना त्यात ‘भार’ लपत नाही. कुणी काही केलं की त्याचं ओझं आपल्यावर येतं, ते आपण ‘मानतो’. ‘धन्यवाद’ मुळात स्तुतीचा शब्द, समोरच्याला धन्य म्हणणं. दोन्ही शब्द आजही थोडे व्यासपीठावरचेच वाटतात. भाजीवालीनं एक मिरची जास्त टाकली म्हणून “मी आपला आभारी आहे” असं कुणी म्हणालं, तर ती मिरची परत घेईल. ‘आभारप्रदर्शन’ हा कार्यक्रमपत्रिकेतला शेवटचा आयटम आपल्याकडे रुळला तो एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी धर्तीच्या सभा-संमेलनांबरोबर. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० सालची, पहिलं ग्रंथकार संमेलन १८७८ सालचं. अध्यक्ष, सूचना, अनुमोदन आणि आभार हा सगळा संच एकत्रच आला.

‘मेहरबानी’ फारसी. मेहर म्हणजे माया, जिव्हाळा. दख्खनच्या दरबारांतून तो मराठीत इतका मुरला, की आजही वकील अर्जात ‘मे. कोर्ट’ लिहितात. त्यातला ‘मे.’ म्हणजे ‘मेहेरबान’, हे कितीजणांना ठाऊक असतं?

गोव्यात पोर्तुगीज आले १५१० मध्ये. त्यांचा शब्द ‘ओब्रिगादो’, म्हणजे मी तुमचा बांधील झालो. पण गोव्यातल्या ख्रिस्ती कोकणी माणसाच्या ओठांवर राहिलं ते ‘देव बरें करूं’. देव तुझं भलं करो. आता ‘जजाकल्लाहु खैर’चा अर्थ पाहा. अल्लाह तुला चांगला मोबदला देवो. मडगावची ख्रिस्ती म्हातारी, साताऱ्याची माझी दादी आणि मदिनेतली माणसं एकाच घाटाचं वाक्य बोलत होती. या वाक्यात ‘मी’ नाही. मी तुझी परतफेड करतो असा आव नाही. तुझं देणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे, ते वरचा फेडो, एवढंच म्हणणं आहे. अबू दाऊदमध्ये एक हदीस आहे, तिचा आशय असा: कुणी तुमच्यावर उपकार केला तर परतफेड करा, आणि तेवढं जवळ नसेल तर त्याच्यासाठी दुआ करा, फिटलं असं वाटेपर्यंत.

दरबारात तर शब्दांपेक्षा शरीरच बोलायचं. अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त कोर्निश आणि तस्लीमचे नियम नोंदवले आहेत. तस्लीम म्हणजे उजव्या हाताची मागची बाजू जमिनीला टेकवायची, हळूहळू सरळ उभं राहायचं आणि तळवा डोक्यावर ठेवायचा. मनसब, जहागीर, पोशाख, हत्ती किंवा घोडा मिळाला तर तीन तस्लीम. पगार किंवा साधी भेट मिळाली तर एक. मराठ्यांकडे मुजरा होता. आजही आपला माणूस छातीला हात लावतो, मान जरा वाकवतो. तोंडानं काही बोलत नाही, पण ज्याला कळायचं त्याला कळतं.

ज्याला कळलं नाही तो इंग्रज साहेब. हिंदुस्थानी भाषांत ‘थँक्यू’ला शब्दच नाही, म्हणजे या लोकांत कृतज्ञताच नाही, असा शेरा त्या काळच्या इंग्रजी लिखाणात पुन्हा पुन्हा भेटतो. गंमत अशी, की खुद्द इंग्रजांची ऊठसूट थँक्यू म्हणण्याची सवयही फार प्राचीन नाही. मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड ग्रेबर यांनी २०११ मध्ये आलेल्या ‘डेट’ या पुस्तकात मांडलं आहे, की ही सवय सोळाव्या-सतराव्या शतकातल्या व्यापारी उलथापालथीत, मध्यमवर्गातून रुजली. ती दुकानांची आणि कचेऱ्यांची भाषा होती, तिथून ती घराघरात गेली.

मुंबईत जन्मलेले अर्जुन अप्पादुराई यांनी १९८५ साली दक्षिण भारतातल्या कृतज्ञतेवर एक निबंध लिहिला. तिथं आभाराचं बोलून टाकणं दुय्यम असतं. चेहरा, हावभाव आणि पुढं केव्हातरी केलेली परतफेड हेच खरं, असा त्याचा रोख. मराठी माणसाला हे परकं नाही. लग्नाच्या हॉलमध्ये माइक हातात घेतलेला मामा काय म्हणतो? “मी तुमचे आभार मानणार नाही, मी तुमच्या ऋणातच राहू इच्छितो.” आपण या वाक्याला हसतो, पण त्यात पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. आभार मानले की हिशोब मिटला, आणि हिशोब मिटला की नातं संपलं. म्हणूनच अम्मीला थँक्यू म्हटलं, तर ती विचारते, “बरा आहेस ना?”

२०१८ साली ‘रॉयल सोसायटी ओपन सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच खंडांतल्या आठ भाषा बोलणाऱ्या लोकांचं घरातलं, शेजारपाजारचं बोलणं संशोधकांनी तपासलं. कुणी काही मागितलं आणि समोरच्यानं ते दिलं, तर आभाराचे शब्द सुमारे वीसातून एकदाच आले. इंग्रजीत प्रमाण सर्वांत जास्त, तरी तेही साधारण सातात एक. इक्वेडोरमधल्या चापला भाषेत तर आभाराचा रूढ शब्दच नाही. तरी त्या समाजातही माणसं एकमेकांना मीठ देतच होती, ओझं उचलू लागतच होती. मदत मिळणार हे गृहीत होतं, म्हणून शब्दाची गरज नव्हती.

इथं तुम्ही म्हणाल, घरचं ठीक, पण हे अनोळखी लोकांचं काय? बरोबर. फरक तिथंच पडतो. गावात उधारी चालते. आज तू माझी घागर उचललीस, उद्या मी तुझं पोर सांभाळीन. खातं उघडं राहतं, कारण दोघंही इथंच राहणार. प्रवासात तसं नसतं. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली, १९४८ च्या १ जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली, आणि कोण कुणाचा हे माहीत नसलेली माणसं मांडीला मांडी लावून बसू लागली. कात्रजला चढलेला माणूस मला पुन्हा भेटणार नाही. त्याच्याशी उधारी कशी करायची? तिथं ‘थँक्यू’ म्हणजे रोख व्यवहार. शहरात तो हवाच. माझं भांडण त्या शब्दाशी नाही.

पण जुन्या गावाचं फार कौतुकही नको. तिथं आभार नसण्याला मायेखेरीज दुसरंही एक कारण होतं. बलुतेदार वर्षभर राबायचा आणि खळ्यावर त्याला त्याचं बलुतं मिळायचं. सुतार, लोहार, चांभार, महार, आणि आपला मुलाणीसुद्धा. यांना रोज कोण थँक्यू म्हणणार? त्यांचं काम गृहीत होतं. उलट महारानं ‘जोहार मायबाप’ म्हणत कमरेत वाकायचं. ज्यानं काम केलं तोच वाकायचा आणि ज्यानं काम घेतलं तो ताठ उभा. म्हणजे कुणाचे आभार मानायचे नाहीत, हेही जातीनं ठरवून दिलं होतं.

आणि कुणी आभारी राहायचं, हेही. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले ठरले. महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केलं, कागदावर. प्रत्यक्षात पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. बाबासाहेब तळ्यावर गेले ते कुणाची मेहरबानी मागायला गेले नव्हते. ते पाणी हक्काचं होतं आणि हक्काच्या गोष्टीसाठी आभार मानायचे नसतात. त्या दिवशी तळ्यावरून परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, तेव्हा महाडमधल्या मुसलमानांच्या घरांत काहींना आसरा मिळाला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरायची होती, मंडपाला कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या स्थानिक मुसलमान गृहस्थानं आपली जागा दिली. आज किती मुसलमान घरांत हे नाव माहीत आहे? महाडच्या इतिहासात ते टिकून राहिलं, तेच त्यांचं शुक्रिया.

मी ‘टिकून राहिलं तेच शुक्रिया’ म्हणतो, ते उगाच नाही. अरबी कोशकार ‘शुक्र’ समजावताना एका जनावराचं उदाहरण देतात. थोडा चारा घालूनही ज्याच्या अंगावर तो दिसतो, ते जनावर ‘शकूर’. म्हणजे शुक्र म्हणजे मिळालेलं अंगावर दिसणं, उघड होणं. त्याच्या उलट ‘कुफ्र’, ज्याचा मूळ अर्थ झाकणं. सूरह हदीदमध्ये बी मातीत झाकणाऱ्या शेतकऱ्यांसाठीही याच धातूतला शब्द आला आहे. कृतघ्न माणूस मिळालेलं झाकतो, कृतज्ञ माणूस ते उघड करतो. या अर्थानं इतिहास लिहिणं हाही एक शुक्रच आहे.

आता त्या ‘वेलकम बरं का’कडे येतो. आपल्याकडे घेणाऱ्यासाठी शिकवण स्पष्ट आहे. जो माणसांचा आभारी होत नाही तो अल्लाहचाही होत नाही, या आशयाची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. मी त्या दिवशी बसमध्ये मनातल्या मनात हीच हदीस काकांना सुनावत होतो. पण ही हदीस घेणाऱ्याला सांगितलेली आहे. देणाऱ्यानं ती वसुलीची नोटीस म्हणून वापरायची नाही. देणाऱ्यासाठी वेगळा हुकूम आहे आणि तो मी सोयीनं विसरलो होतो. सूरह बकरहची २६४ वी आयत सांगते, की उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून तुमचे सदके वाया घालवू नका. सूरह इन्सानमध्ये नेक माणसं गरजूला जेवू घालतात ती अल्लाहसाठी. त्यांना मोबदला नको असतो आणि शुक्रियाही नको असतं. एखाद्याला जनावरावर चढायला हात देणं, त्याचं सामान वर उचलून देणं, वाटेतला काटा बाजूला करणं, हे सगळं हदीसनं सदक्यात धरलं आहे. बसमधली जागा त्याच यादीतली. ती मी दिली आणि बोगदा पार व्हायच्या आत बोलून दाखवली. सदका गेला.

मूसा अलैहिस्सलाम मदयनला पोहोचले ती गोष्ट आठवा. मागं फिरऔनचे शिपाई, पायाखाली परका मुलूख. पाणवठ्यावर गुराख्यांची गर्दी आणि दोन मुली आपली जनावरं आवरत बाजूला थांबलेल्या. त्यांनी विचारपूस केली, जनावरांना पाणी पाजलं आणि सावलीत जाऊन बसले. त्या मुली तिथं काय म्हणाल्या ते कुरआन सांगत नाही. मूसा थांबून वाट पाहत होते असंही नाही. त्यांनी जे मागायचं ते रबकडे मागितलं. नंतर त्यांतली एक मुलगी लाजत लाजत आली आणि म्हणाली, वडिलांनी बोलावलंय, पाणी पाजल्याचा मोबदला द्यायचाय. शुक्रिया आलं, पण आपल्या वेळेनं आलं आणि घराचा पत्ता घेऊन आलं.

मग मला एवढा राग का आला? हे कबूल करायला वेळ लागला. मला दाढी आहे. गर्दीच्या बसमध्ये मी जागा देतो, दार धरतो, पिशवी उचलतो, तेव्हा त्यात थोडा सदका असतो आणि थोडी दरखास्त. बघा, आम्ही असे असतो. गेल्या काही वर्षांत ही दरखास्त वाढली आहे, तुमच्यातल्या अनेकांनाही ती ओळखीची वाटेल. समोरच्यानं ‘थँक्यू’ म्हटलं की चांगला मुसलमान असल्याची पावती मिळाल्यासारखं वाटतं. नाही म्हटलं की मनात लगेच शंका, नावामुळे का? दाढीमुळे का? कधी ते खरंही असतं. पण दरवेळी नसतं, आणि त्या बिचाऱ्या काकांच्या डोक्यावर मी देशभराचा हिशोब टाकत होतो. भला शेजारी असणं ही आपली जबाबदारी आहे. त्याची पावती मागत फिरलो, तर नागरिक म्हणून जे हक्काचं आहे तेही मेहरबानी समजून घ्यायची सवय लागते. महाडच्या पाण्यानं हेच शिकवलं होतं.

आता राहिलेली गोष्ट. बस खेड शिवापूरच्या पुढं गेली होती, पाऊस वाढला होता, मी दांडीला लटकून उभा. काकांनी माझ्या शर्टाची बाही ओढली. शेजारच्या माणसाला त्यांनी कोपरानं खिडकीकडं सरकवलं, स्वतः सरकले, दोघांच्या बाकावर वीतभर जागा केली आणि हातानं थोपटत म्हणाले, “बसा हितं. किती येळ उभं ऱ्हानार?”

बाकावर मी जेमतेम अर्धा टेकलो. शिरवळपर्यंत आम्ही तिघं तसेच आलो. त्यांनी विचारलं, कुठलं गाव, पाऊस कसा हाय तिकडं. उतरतानाही ते थँक्यू म्हणाले नाहीत. माझ्या खांद्यावर हात टेकून उठले, तो हात जरा दाबला आणि गेले.

सूरह मुजादिलाच्या ११ व्या आयतीत बैठकीचा अदब आहे. जागा करायला सांगितलं तर जागा करा, अल्लाह तुमच्यासाठी जागा करेल. काकांनी ती आयत कधी ऐकली नसणार. मी ती पाठ करून बसलो होतो, आणि सरकले ते.

त्या दिवसापासून मी स्वतःपुरते दोन नियम केले आहेत. घेताना मोठ्यानं बोलायचं. कंडक्टरला, भाजीवालीला, लिफ्टवाल्याला, सकाळी कचरा नेणाऱ्या ताईंना, ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कुणी म्हटलं नाही त्यांना आधी. थँक्यू म्हणा, शुक्रिया म्हणा, देव बरं करो म्हणा. आणि देताना, दिलं की नजर वळवायची. थांबून चेहरा वाचायचा नाही.

दुसरा नियम अजून अधूनमधून मोडतो. परवाच एकानं दार तोंडावर सोडलं आणि ‘वेलकम’ अगदी जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. मग दादी आठवली. मनातच म्हणालो, अल्ला तेरा भला करो.